हुंगदुआनची खाचरं, रान आणि माणसं: जायच्या आधी एवढं वाचून घ्या

तुम्ही विचारलंय की बी.एस्सी. अ‍ॅग्री झालंय, फिलिपिन्समधल्या हुंगदुआन नावाच्या छोट्याशा डोंगरी म्युनिसिपालिटीत काही महिने राहून काम करायची संधी आलीय, तर तो भाग कसा आहे, माणसं कशी आहेत, आणि तिथली प्रसिद्ध भातखाचरं ढासळतायत असं वाचलंय तर सिमेंटचे बांध आणि जास्त पीक देणारं बियाणं नेलं तर उपयोग होईल का. मी मूळचा कोकणातला, सगळी नोकरी भातातच गेली, त्यातली बरीच वर्षं लोस बान्योसच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत काढली आणि तिथून इफुगावच्या डोंगरात वरचेवर जाणं व्हायचं, त्यातही हुंगदुआनला जास्त. म्हणून जरा सविस्तर लिहितो, घाईत असाल तर नंतर वाचा पण पूर्ण वाचा.

आधी कुठे आहे ते. लुझोन बेटाच्या उत्तरेला कॉर्डिलेरा डोंगररांग आहे, त्यात इफुगाव प्रांत. हा पूर्वी जुन्या मोठ्या माउंटन प्रॉव्हिन्सचा भाग होता, १९६६ मध्ये वेगळा झाला. प्रांताचं मुख्य गाव लागावे, एकूण ११ म्युनिसिपालिट्या, त्यातली पश्चिमेकडची, डोंगरात घुसलेली म्हणजे हुंगदुआन. म्युनिसिपालिटी म्हटल्यावर डोळ्यासमोर नगरपालिका आणू नका, आपल्या छोट्या तालुक्यासारखं समजा, निवडून आलेला मेयर, कौन्सिल, आणि खाली बारांगाय म्हणजे ग्रामपंचायती. हुंगदुआनमध्ये असे ९ बारांगाय आहेत: हापाव, बा-आंग, नुंगुलुनान, बोकियावान, लुबो-ओंग, माग्गोक, आबातान, बांगबांग आणि पोब्लासिओन, म्हणजे कचेरीचं गाव. दक्षिणेचं तिनोक आता स्वतंत्र म्युनिसिपालिटी आहे, पूर्वी तेही यातच होतं. मनिलाहून रात्रीची बस पकडली की साधारण ३५० किलोमीटर कापून सकाळी बानावेला उतरायचं, तिथून जीपने पश्चिमेला. टूरिस्ट लोक बहुतेक बानावेलाच थांबतात नाहीतर बातादला जातात, त्यामुळे हुंगदुआन बऱ्यापैकी शांत राहिलंय.

सपाट जागा जवळजवळ नाहीच. शाळेचं मैदान, चर्चचं अंगण, कचेरीसमोरची जागा, एवढंच काय ते सपाट, बाकी सगळा उतार आणि त्या उतारावर माणसाने हाताने केलेली सपाटी. पश्चिमेला नापुलावान डोंगर, २६०० मीटरच्या वर, माथ्यावर कायम धुकं आणि झाडांच्या खोडांवर हातभर जाडीचं शेवाळ, पाय ठेवला की पाणी निघतं. तिथून ओढे उतरतात, हापाव नदीला मिळतात, आणि नदीच्या दोन्ही अंगांना खाचरं चढत जातात. इफुगावमधली खाचरं साधारण ७०० ते १५०० मीटर उंचीच्या पट्ट्यात आहेत. युनेस्कोने १९९५ मध्ये इफुगावमधले पाच समूह जागतिक वारसा म्हणून घेतले, त्यात बाताद, बांगाआन, मायोयाव, नागाकादान यांच्यासोबत हुंगदुआन आहे, आणि हुंगदुआनच्या खाचरांचं वर्णन ते कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरत गेलेली असं करतात. वरच्या वळणावर उभं राहून बघितलं की ते पटतं, कडेकडेने वाकत गेलेल्या रेषा आणि मध्ये मध्ये घरांचे ठिपके.

पण तुम्ही तिथे काम करायला जाताय तर नजर त्या रेषांवर अडकू देऊ नका. माझं म्हणणं एवढंच आहे की हुंगदुआन समजून घ्यायचं तर वरून खाली, पाण्याबरोबर चालत यायचं. सगळ्यात वर रान, मग पाट, मग खाचर, मग भिंत, मग खालच्याचं खाचर, आणि हे सगळं धरून ठेवणारी माणसं. यातलं एक निखळलं की बाकीचं आज ना उद्या खाली येतं, आणि आत्ता जे निखळतंय ती माणसं आहेत.

रानापासून सुरू करू. खाचरांच्या वरच्या अंगाला प्रत्येक घराचं स्वतःचं राखलेलं रान असतं, त्याला मुयोंग म्हणतात. हे जंगलखात्याचं नाही, गावकीचंही नाही, घराण्याचं आहे, पिढ्यानपिढ्या चालत आलेलं. सरपण तिथूनच, घराचं लाकूड तिथूनच, वेत, औषधी पाला, सुपारी, फळं, सगळं तिथून. पण तोड बेताने, आणि तोडलं की लावायचं, झुडपं साफ करायची, रोपं जपायची. हे रान पावसाचं पाणी धरतं आणि वर्षभर झिरपून सोडतं. तुम्ही जानेवारी-फेब्रुवारीत गेलात, पाऊस नाही अशा वेळी, तरी खाचरात पाणी दिसेल आणि ते कुठून आलं विचाराल तर शेतकरी बोट वर करतो. धरण नाही, टाकी नाही, पंप नाही. ज्या घराण्याने रान विकलं किंवा तिथे भाजीचा मळा केला त्याच्या खालच्या पाटाचं पाणी उन्हाळ्यात मरतं, हे मी एकाच डोंगराच्या दोन कुशींवर शेजारी शेजारी बघितलंय. तिनोकच्या बाजूला आणि पलीकडे बेंगेट प्रांतात कोबी-बटाट्याच्या मळ्यांसाठी रान मागे हटत चाललंय, पैसा लगेच मिळतो म्हणून लोक करतात, त्यांना दोष देऊन उपयोग नाही पण परिणाम खाली दिसतो.

मग पाट. ओढ्याला दगडांचा छोटा बंधारा घालून पाणी वळवतात आणि डोंगराच्या कडेने नेतात, कुठे कातळ कोरून, कुठे लाकडाच्या किंवा बांबूच्या पन्हाळीतून, हल्ली काळ्या पाइपमधूनही. पाण्याचा कायदा लिहिलेला नव्हता पण पक्का होता: ज्या खाचराला जुन्या काळापासून पाणी जातंय ते कोणी तोडायचं नाही, वरच्याने वळवून घ्यायचं नाही. नवीन खाचर केलं तर त्याला उरलेलं पाणी. पाटाच्या दुरुस्तीला सगळ्या पाणीवाल्यांनी यायचं. जो येत नाही त्याच्याबद्दल गावात बोललं जातं आणि इतक्या छोट्या गावात ते बोलणं दंडापेक्षा भारी पडतं.

आता भिंत, तुमचा सिमेंटचा प्रश्न इथे येतो. हापावकडच्या भिंती दगडाच्या आहेत, चुना नाही माती नाही, नुसती रचाई. एकदा पावसात घसरलेली भिंत परत उभी करताना मी दिवसभर तिथे होतो, ते सांगतो. आधी घसरलेला चिखल बाजूला काढतात, चांगली काळी माती एकीकडे, चिकण माती एकीकडे, दगड एकीकडे, काहीही टाकून देत नाहीत. पायाला सगळ्यात मोठे दगड, नदीतून माणसांनीच उचलून आणलेले, ते डोंगराच्या आत झुकवून बसवतात, म्हणजे भिंत सरळ उभी न राहता मागे रेललेली असते. भिंतीच्या मागे लहान दगड आणि खडी भरत भरत वर यायचं. त्यावर चिकण मातीचा थर, तो पायाने तुडवून तुडवून असा घट्ट करतात की पाणी खाली जाऊ नये, आणि सगळ्यात वर ती राखून ठेवलेली काळी माती. काही दगड मुद्दाम भिंतीतून बाहेर काढलेले असतात, त्यांच्यावर पाय ठेवत बायका-पोरं वरखाली करतात, डोक्यावर ओझं असताना सुद्धा. मिस्त्री म्हणावा असा एक म्हातारा होता, तो प्रत्येक दगड हातात फिरवून बघायचा, एकदा बसवला की टाचेने दाबायचा, हलला तर काढायचा. बाकीचे त्याच्याकडे न बघता दगड पुढे देत होते, आणि बोलणं जवळजवळ नाही.

यात कळीची गोष्ट अशी की कितीही तुडवलं तरी थोडं पाणी खाली झिरपतंच, आणि ते मागच्या खडीतून आणि दगडांच्या फटींतून बाहेर निघून खालच्या खाचरात जातं. भिंत श्वास घेते. सिमेंटने फटी बंद केल्या की ते पाणी मागे साठतं, पावसाळ्यात दाब वाढतो आणि एक दिवस सगळी भिंत एकदम पोट फुगून फुटते, खालची दोन-तीन खाचरं घेऊन. रचाईची भिंत घसरते तेव्हा तेवढाच तुकडा घसरतो. म्हणून सिमेंट नको. अगदीच लागलं तर पाटाच्या तोंडाशी, पायवाटेला, आणि तिथेही पाणी जायला भोकं ठेवून. सिमेंट नेऊन फोटो काढायला सोपं असतं, दगड रचायला जाणता माणूस आणि दहा जोड्या हात लागतात, खरी अडचण ती आहे.

आणखी एक, जे आपल्या मुलांना पटकन लक्षात येत नाही. आपल्याकडे कापणी झाली की खाचर वाळतं, भेगा पडतात, गुरं फिरतात, त्याचं काही वाटत नाही. इथे खाचर वर्षभर पाण्याखाली ठेवायचं असतं. वाळलं तर तळाच्या चिकण मातीला भेगा पडतात, मग पुढच्या जोराच्या पावसात पाणी त्या भेगांतून थेट भिंतीच्या मागे उतरतं. शिवाय कोरडेपणात मोठे गांडूळ वाढतात आणि बांध पोखरतात. आपण गांडूळ म्हणजे शेतकऱ्याचा मित्र असं शिकलोय, तिथल्या शेतकऱ्यासमोर हे वाक्य बोलू नका. कापणीनंतर तण आणि पेंढा चिखलात ओढून ठिकठिकाणी ढीग करतात, पाण्याच्या वर येतील असे, आणि त्यावर कांदा, भाजी लावतात. पुढच्या हंगामापर्यंत ढीग कुजतो, तोच फोडून पसरला की खत झालं. बाहेरून काही आणायची गरज नाही.

गोगलगायीचं सांगायला पाहिजे. १९८०च्या दशकात दक्षिण अमेरिकेतली सोनेरी गोगलगाय फिलिपिन्समध्ये खाण्यासाठी म्हणून आणली गेली, प्रोटीन मिळेल, विक्री होईल वगैरे. ती शेतात सुटली आणि कोवळी रोपं बुंध्यातून कापायला लागली. आता खाली सपाट प्रदेशात उपाय सोपा सांगतात की लावणीनंतर काही दिवस पाणी काढून टाका, गोगलगाय हलत नाही. इथे पाणी काढता येत नाही, कारण वर सांगितलं ते. औषध टाकलं तर खाचरातले मासे आणि गावठी गोगलगायी मरतात, ज्या लोकांच्या रोजच्या खाण्यात आहेत, आणि ते पाणी खालच्या सगळ्यांकडे जातं. मग राहतं काय, सकाळी हाताने वेचणं, बांधावरच्या आणि दांड्यावरच्या गुलाबी अंड्यांचे घोस चिरडणं, पाण्याच्या तोंडाला जाळी, बदकं, आणि रोप जरा मोठं झाल्यावर लावणं. हे सगळं करतात लोक, पण यातल्या प्रत्येकाला माणूस लागतो.

बियाण्यावर येतो. तिथलं भात म्हणजे तिनावोन, वर्षातून एकदाच घ्यायचं. साधारण नोव्हेंबर-डिसेंबरला रोपवाटिका, जानेवारी-फेब्रुवारीत किंवा त्याच्या जरा पुढेमागे लावणी, जून-जुलैच्या आसपास कापणी, उंचीप्रमाणे पुढेमागे होतं. म्हणजे रोपाचे सुरुवातीचे महिने थंड पाण्यात, थंड हवेत जातात. हे जातवान बियाणं त्या थंडीला तयार झालेलं आहे, उंच वाढतं, दाणा जाड, काहींना कुसळ, काही लाल, काही चिकट, शिजताना वास घरभर. आपल्या डोक्यात असतं की दोन पिकं घेतली, कमी दिवसांचं बुटकं वाण आणलं की उत्पन्न दुप्पट. पण खालच्या गरम प्रदेशासाठी केलेली वाणं या उंचीवर फुटव्याला अडतात, आणि लोंबी येताना थंडी लागली की दाणा भरतच नाही, पळंज राहतं. खालच्या उंचीच्या काही बारांगायांत लोक सुधारित वाणं घेतात आणि तिथे ती चालतात, त्याला हरकत नाही. वरच्या खाचरांत मात्र तुम्ही जाऊन ते सुचवू नका. आम्ही लोस बान्योसला बसून हेच शिकलो, तिथल्या जीन बँकेत जगभरातले १,३०,०००च्या आसपास भाताचे नमुने शीतगृहात आहेत, तरी इथल्या एखाद्या आजीला तिच्या वरच्या खाचराला कुठलं आणि सावलीच्या खाचराला कुठलं लावायचं हे आमच्या नोंदींपेक्षा जास्त बारीक ठाऊक असतं.

कारण बियाणं निवडतात बाया. कापणीच्या आधी जाणत्या बाईने उभ्या शेतात फिरून चांगल्या लोंब्या वेगळ्या घ्यायच्या, मग बाकीच्यांनी कापायचं. कापणी विळ्याने मुठीमुठीने नाही, हातात मावणाऱ्या छोट्या सुरीने एकेक लोंबी दांड्यासकट. त्यांच्या जुड्या बांधायच्या, वाळवायच्या, आणि घरच्या माळ्यावर किंवा कोठारात ठेवायच्या, झोडणी नाही, लागेल तशी जुडी काढून उखळात कांडायची. जुनं इफुगाव घर, बाले म्हणतात, चार खांबांवर उचललेलं असतं, खिळा एकही नाही, आणि प्रत्येक खांबावर लाकडाची गोल चकती, उंदीर चढू नये म्हणून. वर गवताचं उतरतं छप्पर, आत एकच खोली, मधोमध चूल, आणि चुलीचा धूर वर माळ्यावरच्या भाताला लागत राहतो त्यामुळे कीड लागत नाही. कोठारात बुलुल म्हणजे लाकडी मूर्ती, भाताची राखण करणाऱ्या. आता बहुतेकांची घरं पत्र्याची आहेत, पण अंगणात एखादं जुनं बाले अजून उभं असतं.

ही खाचरं किती जुनी यावर वाद आहे, तुम्हाला तिथे कोणी ना कोणी सांगेलच की २००० वर्षं. हा आकडा अमेरिकन काळातल्या ओटली बायर वगैरे अभ्यासकांनी मांडला आणि शाळेच्या पुस्तकांत गेला. अलीकडे स्टीफन आकाबादो आणि त्यांच्या टीमने जुन्या कियांगान गावाच्या जागेवर इफुगाव लोकांना सोबत घेऊन उत्खनन केलं, त्यातून असं निघालं की पाण्यातलं भात इथे साधारण ४०० वर्षांपूर्वी पसरलं, स्पॅनिश खाली आल्यावर लोक डोंगरात सरकले त्या काळात, आणि त्याच्या आधी इथे अळू होतं. मला हे जास्त पटतं. आणि मला यात इफुगाव लोकांचा मान कमी होताना दिसत नाही, उलट एवढ्या कमी पिढ्यांत एवढे डोंगर कोरले आणि स्पॅनिश सत्तेला इथे नीट पाय रोवू दिला नाही, हे केवढं मोठं काम आहे. पण काही म्हाताऱ्या माणसांना तो २००० वर्षांचा आकडा जिवाचा आहे, तर जाऊन वाद घालू नका, ऐकून घ्या.

माणसांबद्दल. भाषा तुवाली, हापावची बोली थोडी वेगळी. बाजारात इलोकानो, शाळेत इंग्रजी आणि टागालोग, त्यामुळे इंग्रजीवर तुमचं चालून जाईल, विशेषतः तरुणांशी. म्हाताऱ्यांना मान देऊन "आपो" म्हणा. जुन्या समाजात श्रीमंत घराणी म्हणजे कादांग्यान, ज्यांच्याकडे भरपूर खाचरं, मग मधले, मग बिनजमिनीचे. मोठेपणा पैशाने सिद्ध होत नव्हता, गावाला जेवण घालून व्हायचा. वारसा आपल्यापेक्षा अगदी वेगळा: जमीन भावाभावांत तुकडे करून वाटत नाहीत. थोरल्या मुलाला किंवा मुलीला, हो, मुलगी थोरली असेल तर मुलीला, चांगली खाचरं आख्खी मिळतात, तीही बऱ्याचदा लग्नाच्या वेळी, आईबाप हयात असताना. बऱ्याच घरांत बापाकडचं एकाला, आईकडचं दुसऱ्याला. त्यामुळे खाचरं तुटली नाहीत, भिंतीला एकच धनी राहिला. पण धाकट्यांना पूर्वीपासूनच बाहेर बघावं लागलं. आज ते बागियोला जातात, मनिलाला जातात, शेजारच्या नुएव्हा विस्कायात जमीन करतात, परदेशी घरकामाला जातात. लाकडावरचं कोरीवकाम हापावच्या लोकांच्या हातात आहे, बागियोच्या आसिन रोडवर जे कारागीर बसलेत त्यात इफुगावमधून आलेली कुटुंबं बरीच आहेत. आता थोरलेही जायला लागलेत, शिकले, शिक्षक झाले, नर्स झाले, आणि खाचर म्हाताऱ्या मावशीकडे किंवा अर्धेलीने दुसऱ्याकडे.

इथे तो माणसांचा मुद्दा येतो. भिंत घसरली की पूर्वी उब्बू व्हायचा, म्हणजे आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे, आपल्या इर्जिकीसारखंच, आणि मोठी आपत्ती असेल तर बाद्दांग, म्हणजे परतफेडीची अपेक्षा न ठेवता मदत. दहा-पंधरा तगडी माणसं गावात असली की दोन दिवसांत भिंत उभी. आता ती माणसं नाहीत, मजुरी देऊन आणायची तर त्या खाचरातल्या भाताची किंमत तेवढी होत नाही, मग धनी म्हणतो पुढच्या वर्षी बघू. एक वर्ष तसंच राहिलं की वरचं खाचर वाळतं, त्याला भेगा, गांडूळ, पुढच्या टायफूनला ते खाली. टायफूनचे दिवस साधारण जुलै ते ऑक्टोबर, नेमके कापणीनंतर, म्हणजे दुरुस्तीला माणूस हवा तेव्हाच पोरं शहरात कामाला परत गेलेली. २००१ मध्ये फिलिपिन्स सरकारच्याच विनंतीवरून युनेस्कोने ही खाचरं धोक्याच्या यादीत टाकली, २०१२ मध्ये काढली, मधल्या काळात पाट-भिंतींची बरीच कामं झाली, पण हे चक्र काही थांबलेलं नाही.

मला विचाराल तर जे टिकलंय ते सणावारांमुळे आणि बायकांमुळे. हुडहुड म्हणून गाणी आहेत, खुरपणीला, कापणीला आणि मयताच्या रात्री म्हणतात, एक जाणती बाई पुढे म्हणते, बाकीच्या मागून उचलतात. २००हून जास्त आख्यानं, पूर्ण म्हणायला दिवस लागतात, युनेस्कोने २००१ मध्येच त्याची दखल घेतली. आणि हुंगदुआनचं स्वतःचं म्हणजे पुन्नुक. कापणी संपली की हापाव, बा-आंग आणि नुंगुलुनान इथली माणसं नदीच्या संगमावर येतात, अंगावर लाल पट्ट्यांचे हातमागाचे कपडे, पाण्यात उभं राहून दोन बाजूंनी ओढाओढी, आकडे असलेल्या काठ्यांनी आणि पेंढा-वेलींचं माणसासारखं बांधलेलं गाठोडं मध्ये घेऊन. ते कधी करायचं हे सरकारी कॅलेंडर ठरवत नाही, दुमुपाग नावाचा मान ज्या घराला आहे, गावात पहिली लावणी करायचा, त्यांच्याकडून ठरतं. २०१५ मध्ये युनेस्कोने कंबोडिया, कोरिया आणि व्हिएतनामच्या अशाच खेळांसोबत पुन्नुकला यादीत घेतलं. पण ते टिकलंय ते एका कारणाने की सगळ्यांनी एकाच वेळी लावायचं आणि एकाच वेळी कापायचं, म्हणजे उंदीर आणि कीड वाटली जाते, पाणी वाटलं जातं, आणि बाहेर गेलेली पोरं त्या दिवसासाठी घरी येतात. कोणी एकट्याने दुसऱ्या वेळेला दुसरं वाण लावलं की सगळे उंदीर त्याच्या खाचरात. तुमच्या बियाण्याच्या प्रश्नाचं हेही एक उत्तर आहे.

धर्माने बहुतेक लोक ख्रिस्ती, कॅथलिक आणि इतर पंथांचे, जुने विधी करणारे मुंबाकी आता थोडे आणि म्हातारे. दुसऱ्या महायुद्धाची आठवण या भागात अजून ताजी आहे, जपानी जनरल यामाशिता शेवटी याच डोंगरांत अडकला होता आणि २ सप्टेंबर १९४५ ला कियांगानला शरण आला. गावच्या लोकांनी त्या महिन्यांत उपास, बॉम्ब सगळं सोसलं. टूरिस्ट यामाशिताने पुरलं म्हणतात त्या सोन्याबद्दल विचारत येतात, तुम्ही विचारू नका.

मग तुम्ही काय करू शकता. तिनावोनला बाहेर चांगला भाव मिळायला लागलाय, पण त्यासाठी दाणा एकसारखा, खडा नाही, ओल बरोबर असं लागतं, आणि हे काम घरोघरी हाताने होतं. वाळवणी, ओल मोजणं, छोटं कांडप यंत्र चालू ठेवणं, बियाणं भेसळ न होता राखणं, कुठली जात कुठल्या उंचीला याच्या नोंदी स्थानिक शाळेतल्या मुलांबरोबर करणं, हे अ‍ॅग्रीवाल्या मुलाला नक्की जमेल. मात्र सगळंच विकलं तर घरात खालचा विकतचा तांदूळ येतो, हे आधी त्या घरातल्या बाईशी बोलून घ्या, किती विकायचं किती ठेवायचं तीच ठरवते. आणि दगड रचणाऱ्या जाणत्या म्हाताऱ्यांच्या हाताखाली चार पोरं मजुरीवर ठेवायला जर तुमच्या संस्थेकडे पैसे असतील तर बाकी सगळं सोडून ते करा.

परवानगीचं विसरू नका. १९९७च्या कायद्याने आदिवासींच्या जमिनीवर आणि ज्ञानावर त्यांचा हक्क मान्य आहे, बियाणं, विधी, औषधी असल्या कशाचाही अभ्यास करायचा तर आदिवासींच्या राष्ट्रीय आयोगामार्फत गावाची रीतसर संमती लागते. बियाण्याचा एक दाणाही न विचारता खिशात घालू नका. पोचल्यावर आधी मेयरच्या कचेरीत, मग बारांगायच्या कॅप्टनला भेटा, मग जिथे राहणार त्या घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला. घरची भाताची दारू (तिकडे तिला 'बाया' म्हणतात) पुढे केली तर नको असेल तरी हातात घ्या, ओठाला लावा. शाकाहारी असाल तर भात, रताळं, अळू, शेंगा यावर निभावतं पण पहिल्याच दिवशी सांगा, म्हणजे तुमच्यासाठी कोंबडी कापली जाणार नाही. विधीनंतर गावात कामबंदीचा दिवस असतो, त्या दिवशी खाचरात पाय घालायचा नाही.

कधी जावं म्हणाल तर जानेवारीच्या सुरुवातीला, लावणी सापडेल, आणि कापणीनंतरच्या पुन्नुकपर्यंत राहा. स्वेटर न्या, पहाटे थंडी चांगलीच असते. पायात गमबूट बांधांवर चालत नाहीत, लोक अनवाणी नाहीतर रबरी चपलांवर चालतात, तुम्ही पकड असलेले साधे बूट घ्या आणि बांधावर समोरून ओझं घेतलेलं माणूस आलं तर तुम्ही खाचरात उतरायचं. जीप सकाळी गावातून बानावेला येते आणि दुपारी परत जाते, ती चुकली तर बानावेलाच मुक्काम.

अजून काही विचारायचं असेल, खास करून वाळवणी आणि ओल मोजायच्या साधनांबद्दल, तर कुठल्या बारांगायात राहणार ते आधी कळवा, हापाव आणि आबातानची उंची, पाणी वेगळं आहे, त्याप्रमाणे सांगतो.